कॅराव्हॅनच्या छतावरचा एसी थंड करेना? गॅस भरण्याआधी हे टप्पे क्रमाने तपासा

उन्हाळ्यात ताडोबा, पेंच नाहीतर मेळघाटाकडे कॅराव्हॅन घेऊन निघालेल्यांचे फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतात: "एसी चालू आहे, पण थंड होत नाही. गॅस संपला वाटतं, इथं जवळ कुठं भरून मिळेल?" आणि जवळच्या गावात भरून देणारा मिस्त्री सापडतोच. तो पाइप कापतो, वाल्व बसवतो, अंदाजाने गॅस सोडतो. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

गाडीच्या डॅशबोर्डमधला एसी आणि छतावरचा एसी यांची रचना वेगळी असते. डॅशबोर्डच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. त्याला रबरी होज असतात, गॅस भरायचे वाल्व असतात आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा गॅस झिरपत राहतो. छतावरचा एसी घरच्या फ्रिजसारखा कारखान्यातच झाळून बंद केलेला असतो. त्यातला गॅस वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर पाइप कुठेतरी फुटला आहे, आणि ती फट शोधल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार. पण मुळात थंडावा जाण्याची नेहमीची कारणं वेगळीच असतात: पडलेला व्होल्टेज, बुजलेली जाळी, आतल्या आत मिसळणारी हवा, कचऱ्याने भरलेला कंडेन्सर (गरमी बाहेर फेकणारी छतावरची कॉइल), दमलेला कॅपॅसिटर (कॉम्प्रेसरला उठायला झटका देणारा डबा). ही सगळी तपासून संपली की मगच गॅसचं नाव काढायचं.

खालचे टप्पे २३० व्होल्टवर चालणाऱ्या छतावरच्या एसीसाठी आहेत. १२ किंवा २४ व्होल्टचा बॅटरीवरचा एसी असेल तर हवा आणि कॉइलचे टप्पे लागू पडतील, विजेचे आकडे लागू पडणार नाहीत.

## तयारी

आदल्या संध्याकाळी सामान एका पिशवीत काढून ठेवा:

- टोकाला सळी असलेले दोन डिजिटल थर्मामीटर. दोन्ही एकाच ग्लासातल्या पाण्यात बुडवून सारखाच आकडा दाखवतात का, ते आधी बघा.
- कॅपॅसिटर मोजता येईल असा मल्टिमीटर आणि वायरभोवती लावून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर.
- ॲल्युमिनियमचा फॉइल टेप. खोकी चिकटवायचा तपकिरी टेप किंवा इलेक्ट्रिशियनचा काळा टेप नको. आपल्याकडच्या उन्हात त्यांचा गोंद महिन्याभरात सुटतो.
- मऊ ब्रश, फिन्स (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) सरळ करायची कंगवी, टॉर्च, चांगल्या मुठीचे स्क्रू ड्रायव्हर, जाड हातमोजे.
- छतावर पाय ठेवायला प्लायवूडचा तुकडा. फायबरचं छत माणसाच्या टाचेखाली तडकतं.
- पाणी मारायला छोटा हातपंप.

सावधान: वावरातला फवारणीचा पंप कितीही धुतला तरी या कामाला वापरू नका. औषधाचा अंश कॉइलवर बसतो आणि पुढे तीच हवा बंद गाडीत तुमची मुलं श्वासात घेतात. नवा पंप आणा, किंवा साध्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडा.

एसीच्या नावपट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यावर तीन गोष्टी असतात: किती अँपिअर करंट घेतो, कोणता गॅस आहे आणि तो किती ग्रॅम आहे. या तिन्ही पुढे लागणार आहेत.

छतावरचं काम सकाळी ६ ते ८ मध्येच उरका. मे महिन्यात, त्यातही नवतपात, दहा वाजता पत्र्याला हात लावता येत नाही. घाईत माणूस घसरतो. शिडी धरायला खाली कोणीतरी हवंच.

सावधान: गाडीला वीज तीन वाटांनी येते: बाहेरची वायर, जनरेटर आणि इन्व्हर्टर. एसी उघडण्याआधी तिन्ही बंद करा. बाहेरचा प्लग काढला आणि इन्व्हर्टर तसाच राहिला, हे फार वेळा होतं.

## टप्पा १: बिघाड आकड्यात मांडा

"थंड होत नाही" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. एसी कूल मोडवर टाका, तापमान १८ वर ठेवा, पंखा पूर्ण वेगावर. रिमोटवर चुकून फॅन किंवा ड्राय मोड पडलेला नाही ना, बघा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीन मिनिटं लागू शकतात, तेवढं थांबा. तो लागला की आवाज जड होतो आणि गाडीतले दिवे क्षणभर मंदावतात.

आता एक थर्मामीटर हवा आत खेचणाऱ्या जाळीपाशी आणि दुसरा थंड हवा बाहेर पडणाऱ्या तोंडात धरा. वीस मिनिटं चालू द्या. दोन्ही आकड्यांतला फरक लिहून घ्या.

फरक ८ ते १२ अंश असेल तर एसी आपलं काम करतो आहे. इथेच बहुतेकांची फसगत होते. दुपारभर उन्हात बंद उभ्या गाडीत ४२ अंश तापमान आहे आणि एसीतून ३१ अंशांची हवा येते आहे. हाताला ती कोमटच लागणार. पण फरक ११ अंशांचा आहे, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे गेला की तोच एसी कमी थंडावा देतो आणि वीज जास्त खातो. अशा वेळी गाडी सावलीत घ्या, पुढच्या काचेवर आतून-बाहेरून आडोसा करा, दारं थोडा वेळ उघडी ठेवून कोंडलेली हवा जाऊ द्या आणि सूर्य उतरल्यावर पुन्हा मोजा.

ऋतूही लक्षात घ्या. मेच्या कोरड्या हवेत हा फरक जास्त येतो आणि एसीतून पाणी जवळजवळ गळत नाही. "पाणी पडत नाही म्हणजे गॅस नाही" हा निष्कर्ष इथल्या मेमध्ये चुकीचा आहे. श्रावणात दमट हवेतली वाफ आटवण्यात एसीची बरीच ताकद जाते, तेव्हा फरक ७-८ अंशांवर येणं स्वाभाविक आहे.

आणि एक सवय सोडा. एसी कमी पडतो म्हणून शेजारी पाण्याचा कूलर लावू नका. कूलर हवेत ओलावा सोडतो, एसी तोच ओलावा काढत बसतो. दोन्ही मिळून गाडी चिकट होते, थंड होत नाही.

तपासणी: तुमचा बिघाड यांपैकी कोणता?

- काहीच चालू होत नाही: टप्पा २.
- पंखा फिरतो, कॉम्प्रेसर लागत नाही, किंवा लागतो आणि टक् करून बंद पडतो: टप्पा २, मग ५ आणि ६.
- दोन्ही चालतात, पण फरक ८ अंशांपेक्षा कमी: टप्पा २ पासून ओळीने.
- सुरुवातीला थंड, तासाभराने हवाच कमी: टप्पा ३.

## टप्पा २: वीज, आणि तीही भार पडल्यावर

खेड्यापाड्यात थांबणाऱ्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि इथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. प्लगमध्ये मीटर घालायचं, २२० दिसले की पुढे जायचं, ही पद्धत निरुपयोगी आहे. एसी बंद असताना व्होल्टेज चांगलाच दिसतो. मोजायचा तो कॉम्प्रेसर सुरू होतानाचा आणि पाच मिनिटं चालल्यानंतरचा, गाडीच्या आतल्या सॉकेटवर.

चालू एसीला २०७ ते २५३ व्होल्ट मिळायला हवेत. २०० च्या खाली तो कसाबसा चालतो, तापतो, आणि आतलं ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला बंद पाडतं. १८० च्या आसपास तर सुरूच होत नाही, नुसता घूं करतो.

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याजवळच्या एका धाब्यावर उभी असलेली गाडी पाहिली होती. मालकाला गॅस भरायला सांगितलं गेलं होतं. प्लगमध्ये २१८ व्होल्ट. एसी लावला की मीटर १६० वर कोसळायचं, दोन-तीन सेकंद घूं, मग टक्. धाब्याच्या मागच्या खोलीतून गाडीपर्यंत एकची (एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणली होती, तीही रिळावर अर्धी गुंडाळलेली. रिळाच्या आत बोट घातलं तर वायर नुकत्याच उतरवलेल्या चहाच्या कपाइतकी गरम. वायर बदलून चारची टाकली, सुरू होतानाही व्होल्टेज २०५ वर राहिला आणि एसी निमूट चालू झाला. गॅसचा प्रश्नच नव्हता.

हिशेब साधा आहे. कनेक्शनपासून गाडी ५० मीटर लांब असेल तर वीज जाऊन-येऊन १०० मीटर वायरमधून जाते. एसी चालताना साधारण ६ अँपिअर घेतो, सुरू होतानाच्या क्षणी ३० पर्यंत जातो. तांब्याच्या वायरमध्ये होणारी घट अशी:

- एकची वायर: चालताना ११ व्होल्ट, सुरू होताना ५४.
- अडीचची वायर: चालताना साडेचार, सुरू होताना २२.
- चारची वायर: चालताना ३, सुरू होताना १५.

ॲल्युमिनियमच्या वायरमध्ये घट याच्या दीडपटीहून जास्त. म्हणून गाडीत स्वतःची अडीचची किंवा चारची तांब्याची वायर ठेवा. वापरताना ती रिळावरून पूर्ण उलगडा. जोडायला १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खुपसून चालवलं की आधी प्लास्टिक वितळतं.

वायर चांगली असूनही व्होल्टेज पडत असेल तर वेळ बघा. गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतीचे पंप सुरू होण्याची वेळ आणि तुमच्या एसीची तक्रार जुळते का, ते यजमानालाच विचारा. "पंप लागले की आमचा पंखाही हळू होतो" असं उत्तर आलं तर एसी उघडायची गरज नाही. पंप बंद असताना गाडी थंड करून घ्या, किंवा वेळेचा विलंब असलेला चांगला स्टॅबिलायझर लावा.

हा विलंब महत्त्वाचा आहे. वीज जाऊन लगेच आली की आतला दाब अजून उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध उठू शकत नाही. तुमच्या एसीत आपोआप थांबायची सोय नसेल तर वीज गेल्याबरोबर तो हाताने बंद करा आणि वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटांनी लावा.

जनरेटरवर चालवत असाल तर तो चालत्या भाराला नव्हे, सुरुवातीच्या झटक्याला पुरला पाहिजे. छोटा पेट्रोल जनरेटर एसी चालवू शकतो पण सुरू करू शकत नाही, असं होतं. त्यासाठी सॉफ्ट स्टार्टर मिळतो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा.

सावधान: शेतघराच्या जोडणीला अर्थिंग असेलच असं धरू नका. गाडीच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर प्लग तात्काळ काढा. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर एसीच्या दुरुस्तीआधी तो बसवा. तारेवर आकडा टाकून एसी चालवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात अर्थिंगही नसतं, कटआउटही नसतो.

## टप्पा ३: जाळी, आतली कॉइल आणि बर्फ

छताच्या आतल्या झाकणातली जाळी काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत हे दर आठवड्याचं काम आहे. जाळीशिवाय एसी चालवू नका, नाहीतर तीच धूळ मागच्या ओल्या कॉइलवर चिखल होऊन बसते.

टॉर्च मारून कॉइल बघा. धूळ असेल तर मऊ ब्रश फिन्सच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा फिरवला तर फिन्स झोपतात.

कॉइलवर बर्फ दिसला तर कॉम्प्रेसर बंद करून फक्त पंखा एक-दोन तास चालू ठेवा. चाकूने खरवडू नका, कॉइलची नळी पातळ असते आणि एका ओरखड्यात पूर्ण एसी जातो. बर्फ वितळण्याआधी तो कुठे धरला आहे याचा फोटो मात्र घ्या. सगळ्या कॉइलवर सारखा असेल तर हवा कमी पडते आहे: जाळी, मळ किंवा पंखा. गॅस जिथून आत येतो त्या एका कोपऱ्यापुरताच बर्फ असेल तर गॅस कमी असल्याची ती खूण आहे. चिखलदऱ्याच्या गार रात्री १६ वर लावून झोपलात तर चांगल्या एसीवरही बर्फ धरू शकतो. तिथे २४-२५ वर ठेवा.

## टप्पा ४: आतल्या आत पळणारी थंड हवा

हा टप्पा मिस्त्रीही विसरतात, कारण घरच्या एसीत हा प्रकार नसतो. छतावरच्या एसीत थंड हवा खाली येण्याची वाट आणि गाडीतली हवा वर जाण्याची वाट एकाच चौकोनी भोकातून जातात, मधे फक्त एक पातळ पडदा असतो. हा पडदा सुटला, किंवा बसवतानाच नीट चिकटवला नसेल, तर थंड हवा गाडीत न येता सरळ पुन्हा आत खेचली जाते. एसी तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करत राहतो. तोंडाशी थोडा वारा लागतो, गाडी मात्र तापलेलीच.

वीज बंद करून आतलं झाकण पूर्ण उतरवा. पडद्याच्या चारही कडांवरून बोट फिरवा. करंगळी शिरेल एवढी फट बऱ्याचदा मागच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या मागे, न दिसणाऱ्या जागी असते. मग झाकण तसंच बाजूला ठेवून एसी सुरू करा आणि फिरत्या पंख्यापासून हात लांब ठेवून मनगटाची आतली बाजू त्या कडांपाशी धरा. जिथे थंड रेघ लागते तिथे फट आहे. पुन्हा वीज बंद करा, कडा कोरड्या फडक्याने आणि मग स्पिरिटने पुसा, फॉइल टेप लावून अंगठ्याने घट्ट दाबत न्या. धुळीवर लावलेला टेप टिकत नाही.

फट बुजवून पुन्हा मोजा. फरक आणि हवेचा जोर दोन्ही वाढले तर काम इथेच संपलं.

याच वेळी एसी आणि छत यांच्यामधलं गॅस्केट बघा. खड्ड्यांनी बोल्ट सैल होतात, गॅस्केट एका बाजूला दबतं, मग तापलेली हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही आत येतात. बोल्ट चारही बाजूंनी थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एकच आवळत नेला तर छत वाकतं.

## टप्पा ५: छतावरचा कंडेन्सर

वर चढण्याआधी खालून नजर टाका. छताला सावली म्हणून ताडपत्री बांधली आहे आणि एसी तिच्याखाली झाकला गेला आहे, असं तर नाही? एसीने फेकलेली गरम हवा ताडपत्रीखाली कोंडते आणि तोच एसी ती परत ओढतो. सावली करायची तर हिरवी जाळी छतापासून दोन-तीन फूट वर, बाजू मोकळ्या ठेवून बांधा. कंडेन्सरला खेटून ठेवलेलं सामान आणि सोलर पॅनेलही तेच करतात.

वरचं प्लास्टिकचं आवरण उचला. इथल्या उन्हाने ते ठिसूळ झालेलं असतं, म्हणून स्क्रू सगळे काढल्याची खात्री करूनच हलवा. फांद्यांखाली उभ्या राहिलेल्या गाडीत हात घालण्याआधी टॉर्च मारा. गांधीलमाशीचं पोळं, कुंभारमाशीची मातीची घरटी, खारीने कुरतडलेली वायर, यांतलं काहीही निघू शकतं.

विदर्भात कंडेन्सर बुजवणारी खास वस्तू म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत, जिनिंगच्या आसपास आणि कापसाने भरलेल्या गाड्यांमागे चालताना बारीक तंतू उडत येतात आणि फिन्सवर थर धरतात. त्यावर रस्त्याची धूळ, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची पूड, सोयाबीनच्या मळणीतला भुसा. बाहेरून कॉइल नुसती मळकट दिसते, पण कडेने नख घातलं की राखाडी नमद्याचा अख्खा पापुद्रा निघतो. एवढ्या थरातून हवा जात नाही, गरमी बाहेर पडत नाही, आणि एसी दुपारी बारा ते चारमध्येच नेमका बंद पडतो. सकाळी चांगला आणि दुपारी बंद, हे लक्षण दिसलं की सगळ्यात आधी कंडेन्सर बघा.

साफ करायचा क्रम:

१. आधी कोरडं. पापुद्रा हाताने आणि ब्रशने काढा. कापसावर पाणी पडलं की तो लगदा होऊन फिन्समध्ये घट्ट बसतो.

२. पंख्याची मोटर, कॅपॅसिटर आणि वायरिंगचा डबा प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका.

३. पाणी आतून बाहेर मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने निघेल. गाडी धुण्याच्या केंद्रावरचा जेट लावू नका, फिन्स एका झटक्यात सपाट होतात.

४. वाकलेल्या फिन्स कंगवीने सरळ करा. हातमोजे घाला, त्या कडा बोट कापतात.

५. पंखा हाताने फिरवा. अडखळत असेल किंवा पात्याचा स्क्रू सैल असेल तर तेही आत्ताच.

६. पिशव्या काढा. मोजून काढा. अर्धा-पाऊण तास वाळू द्या, मग आवरण लावा.

सावधान: अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कॉइलवर मारू नका. ते वाळल्यावर मीठ उरतं आणि ॲल्युमिनियम खातं. शेवटचा हात तरी पिण्याच्या गोड पाण्याचा द्या. दुपारी चालत्या एसीवर बादली ओतायची युक्ती तर कुठेच करू नका. तासभर बरं वाटतं, पण क्षारांचा थर कायमचा बसतो आणि पाणी वायरिंगमध्ये जातं.

## टप्पा ६: कॅपॅसिटर आणि कॉम्प्रेसरची सुरुवात

व्होल्टेज ठीक, कंडेन्सर स्वच्छ, तरी घूं-टक् होत असेल तर संशय कॅपॅसिटरवर. उष्णतेने तो लवकर म्हातारा होतो, आणि आपल्या छतावर तो भट्टीतच बसलेला असतो. तुमचा एसी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर हा टप्पा सोडा. त्यात असा कॅपॅसिटर नसतो, डिस्प्लेवर एरर कोड येतो.

सावधान: वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. पाच मिनिटं थांबा, मग टोकं २० हजार ओहमच्या ५ वॅटच्या रेझिस्टरने काही सेकंद जोडा आणि मीटरने शून्य आलं का ते बघा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. विजेचा सराव नसेल तर इथून पुढे इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वायरी काढण्याआधी फोटो काढा. डोकं फुगलेलं किंवा तेल गळालेलं दिसलं तर न मोजताच बदला. तसं नसेल तर मायक्रोफॅरॅड (कॅपॅसिटरची क्षमता) मोजा. अंगावर ३५ लिहिलं आहे आणि मीटर ३१ दाखवतं, तर तो गेला. लिहिलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घट म्हणजे बाद. तीन टोकांचा दुहेरी कॅपॅसिटर असेल तर कॉम्प्रेसरची आणि पंख्याची बाजू वेगवेगळी मोजा. नवा घेताना मायक्रोफॅरॅड तेवढेच हवेत आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त. दुकानदार "थोडा मोठा टाका, जोरात उचलेल" म्हणेल, ऐकू नका. वाइंडिंग तापतं.

कॅपॅसिटर चांगला असूनही कॉम्प्रेसर उठत नसेल तर त्याच्या तीन टोकांमधला रोध मोजायचा. सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. कोणतंही टोक आणि कॉम्प्रेसरचं धातूचं अंग यांच्यात रोध दाखवला तर वाइंडिंग बॉडीला लागलं आहे. तो कॉम्प्रेसर पुन्हा चालवायचा नाही.

आणखी एक किरकोळ पण फसवं कारण: तापमान ओळखणारा सेन्सर. तो जागेवरून निसटून थंड हवेच्या वाटेत आला की गाडी थंड झाली असं समजून कॉम्प्रेसर बंद करतो. क्लिप बघा, पुन्हा जागेवर बसवा.

## टप्पा ७: आता गॅसचा विचार

पंखा, कॉम्प्रेसर दोन्ही चालू, व्होल्टेज बरोबर, जाळी-कॉइल स्वच्छ, टेप घट्ट, तरी फरक ४-५ अंशच. क्लॅम्प मीटर फेजच्या एकट्या वायरभोवती लावा आणि नावपट्टीशी ताडा. करंट लिहिलेल्यापेक्षा बराच कमी, जवळपास निम्मा असेल, तर गॅस गळालेला आहे किंवा कॉम्प्रेसरची दाबायची ताकद गेली आहे. जास्त असेल तर गॅसकडे जाऊ नका, टप्पा २ आणि ५ पुन्हा करा. ४५ अंशांच्या उन्हात करंट नावपट्टीपेक्षा थोडा वर जाणं चालतं.

टॉर्च घेऊन तांब्याच्या नळ्यांचे जोड आणि वळणं बघा. तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली तर गळती तिथेच. दोन नळ्या एकमेकींना घासत असतील तर तीही जागा.

इथून काम एसी मिस्त्रीचं. पण त्याच्याकडून ते याच क्रमाने करून घ्या, आणि समोर उभे राहा:

१. उरलेला गॅस काढून मगच झाळणं. आर-३२ आणि आर-२९० हे गॅस पेट घेतात, गॅस आत असताना ज्योत लावायची नाही.

२. जोड झाळल्यावर नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने तपासणं. दाबासाठी ऑक्सिजन वापरू देऊ नका. आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होतो.

३. व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास. "गॅसनेच हवा काढून टाकतो" हे चालणार नाही.

४. नावपट्टीवरचाच गॅस, वजनकाट्यावर, तेवढेच ग्रॅम. स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.

५. झाळलेल्या नळीला रबर लावून पट्टीने पक्कं बांधणं. घरच्या एसीला याची गरज पडत नाही, पण गाडीच्या हादऱ्यांनी मोकळी नळी त्याच जोडाशी पुन्हा तडकते.

नायट्रोजन किंवा वजनकाटा नसेल तर काम तिथे करू नका. नागपूर, अमरावती, चंद्रपूर, अकोला, कुठलंही मोठं गाव गाठेपर्यंत एसी बंद ठेवा. गळका एसी तसाच चालवला तर कॉम्प्रेसरही जातो.

दुरुस्तीनंतर अर्धा तास चालवून चार आकडे घ्या: भारावरचा व्होल्टेज, करंट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान. ते तारखेसह कागदावर लिहून जाळीच्या झाकणाच्या आतून चिकटवा. मग पुढच्या मुक्कामापर्यंत गाडी नेहमीच्या रस्त्याने चालवा आणि सकाळच्या त्याच वेळी, तेवढ्याच व्होल्टेजवर पुन्हा मोजा. आठवड्याभरात फरक दोन-तीन अंशांनी उतरला आणि करंटही कमी झाला, तर जोड अजून गळतो आहे. कागद घेऊन त्याच मिस्त्रीकडे जा आणि पुन्हा नायट्रोजनचा दाब लावून घ्या.